मावसाजींचे ग्वाकामोले

लिंबाचा अपमान झालेला दिसला की भरल्या ताटावरून उठून जाणारा, आणि स्वतःचा अपमान झाला की अपमान करणाऱ्यालाच गार पाणी नेऊन देणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे. ते माझ्या मावशीचे यजमान. आम्ही भाचरे त्यांना मावसाजी म्हणतो. नागपूरच्या बेसा भागातील भाजीवालेही वेळ असेल तर मावसाजीच म्हणतात, आणि वेळ नसेल तर त्यांना लांबून पाहून हातगाडी पुढच्या गल्लीत वळवतात. मी शिक्षणाने अन्नतंत्रज्ञ आहे. आधी निरीक्षण नोंदवावे आणि मत नंतर द्यावे, ही शिस्त मला लावलेली आहे. मावसाजींच्या बाबतीत मी तिच्या नेमके उलट वागले, आणि म्हणून हे लिहिताना माझी मान खाली आहे, हे वाचकांना आरंभीच सांगून ठेवते.

मावसाजींची नोकरी कन्हानच्या एका कारखान्यात यंत्रांच्या घरघराटात सरली, पण त्यांचे खरे आयुष्य लिंबाभोवती फिरत आले. इतर निवृत्त गृहस्थ सदऱ्याच्या ज्या खिशात पेन ठेवतात, तिथे यांचे एक लिंबू असते. वरण, पोहे, भजी, उकडलेल्या शेंगा, कशावरही ते पिळले जाऊ शकते. चहा तेवढा मावशीच्या धाकामुळे वाचला आहे. एका लग्नात पानातली कागदासारखी पातळ फोड चिमटीत धरून त्यांनी वाढप्याला थांबवले होते. "हे लिंबू हाय का लिंबाचा फोटो हाय गा?" मग खिशातले काढून, छोट्या चाकूने कापून, त्यांनी ते डावी-उजवीकडच्या अनोळखी पाहुण्यांच्या वरणावरही न विचारता पिळले. लिंबू मधोमध कापणे हा त्यांच्या लेखी गुन्हा. बी कापली गेली की कडवटपणा रसात उतरतो, म्हणून कडेने गाल उतरवल्यासारखे कापायचे. त्याआधी तळहाताखाली घोळून घ्यायचे, तेही झोपलेल्या लेकराला थोपटावे तितक्याच जोराने. संत्र्यांच्या या शहरात राहून त्यांनी संत्र्याला कधी मान दिला नाही. "संत्रं म्हणजे लाडानं बिघडलेलं लिंबू," असे ते भर बाजारात, संत्र्यांच्या ढिगापाशी उभे राहून म्हणत, आणि मावशी चार पावले मागे राहून आपण यांच्यासोबत नसल्यासारखे दाखवत असे. इतवारीच्या बाजारात मावशी धान्य घेऊन, निवडून, बांधून परत आली तरी यांची चार लिंबे ठरलेली नसत. कोपऱ्यावरची लिंबूवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाबूजी, लिंबू घेऊन राहिले का पोरीसाठी स्थळ पाहून राहिले?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "स्थळ बिघडलं तं सोडचिठ्ठी होते, बाई. लिंबू बिघडलं तं म्या काय करू?"

सात वर्षांपूर्वी मी यवतमाळहून शिकायला नागपुरात आले आणि त्यांच्या घरच्या वरच्या खोलीत राहू लागले. पदवी झाली, पुढची पदवी झाली, एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. खोली तीच राहिली. या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीला अ‍ॅव्होकाडोची मेक्सिकन चटणी, म्हणजे ग्वाकामोले, बाजारात आणायची होती. बाटलीतले आम्ल आणि ताज्या लिंबाचा रस यांतला फरक मला घरी तपासून पाहायचा होता, म्हणून मी तीन अ‍ॅव्होकाडो आणले. ते दगडासारखे कच्चे होते. टेबलावर ठेवून मी शेजारी चिठ्ठी लावली : 'प्रयोगासाठी. हात लावू नये.' मावसाजींनी ती अक्षरशः पाळली. त्यांनी ते चिमट्याने उचलले. गच्चीवर तुरीच्या वाळक्या काड्यांचा, म्हणजे तुराट्यांचा, जाळ केला आणि वांगी भाजावीत तसे तिन्ही अ‍ॅव्होकाडो खरपूस भाजले. सोलून, कांद्याची पात, हिरवी मिरची आणि कच्चे तेल घालून त्यांनी विदर्भात होते तसे रीतसर भरीत केले. अ‍ॅव्होकाडो तापवला की कडू होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. मावशीला पहिल्या घासातच कळले. तिने पदर तोंडाला लावला. मी संतापाने प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाबद्दल काहीबाही बोलत होते, आणि मावसाजी प्रायश्चित्त घेतल्यासारखे ते सगळे भरीत एकट्याने संपवत होते. शेवटचा घास गिळून त्यांनी निष्कर्ष सांगितला, "हे फळ भाजाचं नाही वं. याले जाळाचा राग येते."

यानंतर मात्र त्यांनी ते फळ मनावर घेतले. पुढचे अ‍ॅव्होकाडो त्यांनी तांदळाच्या पिंपात, आंबे पिकवायच्या रीतीने, गवतात गुंडाळून दडवले. रोज सकाळी देवपूजेआधी पिंपात हात घालून देठापाशी अंगठा दाबून ते पाहत, आणि मावशीला वार्ता देत, "आज हो म्हणून राहिला, उद्या पक्का हो म्हणते." चौथ्या दिवशी ते पिकले. मिठासोबत मिरची आणि कोथिंबिरीचे देठ त्यांनी खलबत्त्यात कुटले, कांदा पाण्यातून काढून पिळला, आणि गर हातानेच, गोळे राहतील असा, मोडला. लिंबाचा रस सुरुवातीलाच सगळा घालावा, म्हणजे गर काळा पडत नाही, हे मी त्यांना विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, कार्यासकट समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "रंग तं ठेवला तू. वास कुठी ठेवशील? अर्धं लिंबू आधी टाक, रंगासाठी. अर्धं खाणाऱ्याच्या पुढ्यात पिळ, जिवासाठी." मी हसले. आणि हसल्यावर, प्रशिक्षणाला जागून, चार वाट्या करून, त्यांवर खुणा घालून, मावशीला डोळे मिटून चाखायला दिल्या. मावशीने तीनदा एकच वाटी उचलली, मावसाजींच्या रीतीची. माझ्या नोंदवहीत मी त्या कृतीला 'पद्धत ख' असे नाव दिले. मावसाजींचे नाव लिहावे असे मला सुचलेसुद्धा नाही. माझ्या अपराधांची मोजणी तिथून सुरू करायला हवी.

मग कंपनीच्या संचालकबाई पुण्याहून आल्या. नव्या विभागाचे प्रमुखपद मला द्यायचे की पुण्याच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याला, हे त्या ठरवणार होत्या. ते पद मला किती हवे होते, हे सांगताना मी संकोच करणार नाही. मी त्यासाठी दोन वर्षे सुट्टी घेतली नव्हती. बाई म्हणाल्या, "पाकिटातले मी सगळीकडे खाल्ले आहे. मला घरी केलेले खायचे आहे, तुमच्या घरी." मावशी त्या दिवशी नात्यातल्या बारशाला गेली होती. मावसाजी लिंबासाठी मागे राहिले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पण अ‍ॅव्होकाडो मोडताना डाग नको म्हणून तो काढून खुंटीला लावला, आणि बंडीवर, खांद्यावर दुपट्टा, म्हणजे पंचा, टाकून कामाला लागले. "पाहुणीसंगं जेवाले बसताना घालतो," असे मला सांगून त्यांनी टेबलावर तीन ताटे मांडली.

बाई आल्या. त्यांचे कपडे, त्यांचे बोलणे, त्यांच्या घड्याळाकडे पाहण्याची पद्धत, या सगळ्यांमुळे आमची बैठकीची खोली अचानक लहान झाली. मला भिंतीवरचे कॅलेंडर दिसू लागले, सोफ्यावरची विणलेली झालर दिसू लागली. तेवढ्यात मावसाजी बंडीतच वाटी घेऊन आले, वाटी ठेवली, आणि पाणी आणायला वळले. बाईंनी प्रसन्नपणे विचारले, "हे स्वयंपाकाचे महाराज तुमच्याकडे किती वर्षांपासून आहेत?"

मी म्हणाले, "सात वर्षांपासून."

वाक्यातला आकडा अचूक होता. तो आकडा मला त्या क्षणी किती चपळाईने सुचला, याचे मला आजही भय वाटते. उत्तर मात्र धादांत खोटे होते, आणि ते दुरुस्त करायला तीन शब्द पुरले असते. स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरे मावसाजी एक श्वासभर थांबले. मग आत गेले, पाण्याचे पेले घेऊन आले, आणि आधी बाईंपुढे, मग माझ्यापुढे ठेवले. बाईंची नजर तिसऱ्या ताटाकडे गेली. "आणखी कोणी यायचे आहे का?"

मी तोंड उघडले. शब्द यायच्या आत मावसाजींनी ते ताट उचलले होते. "नाही जी. माह्याकडून चुकून मांडल्या गेलं."

बाई जेवल्या. पहिला घास घेऊन त्या थांबल्या, आणि दुसऱ्या घासानंतर त्यांनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली. "महाराज, ही कृती तुमची का हो?" त्यांनी विचारले. मावसाजी दारातून म्हणाले, "नाही जी. मॅडमनंच शोधली. चार वाट्या करून, लिहून, पक्की करून. म्या तं फक्त लिंबू पिळतो." खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते थोडे जास्तच बोलले, "मॅडम लय हुशार हायेत. रागावतही नाहीत." जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला. त्या वाईट स्त्री नव्हत्या. त्यांना जे दाखवले गेले, तेच त्यांनी पाहिले. गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "त्यांनाही वेळेवर जेवू द्या हो. फार उशीर करू नका."

मी आत गेले. मावसाजी ओट्यापाशी उभे राहून जेवत होते. सदरा खुंटीवरच होता, त्याची घडीही मोडली नव्हती. मी "मावसाजी" एवढेच म्हणाले. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एक चूक झाली तुह्यी." ते पुढे म्हणाले, "दुसरं अर्धं लिंबू तू बाईच्या पुढ्यात पिळाले पाह्यजे होतं. तू तं मले आतच पिळू देलं. वास सारा इथीच राहिला नं." त्यांनी बोटे पुसली. "पण वाटी साफ केली बाईनं. तुह्यं काम झालं समज."

माझे काम झाले. पत्र आले, पद मिळाले. मावसाजींनी गल्लीतल्या बारा घरी पेढे वाटले. मावशीला त्या संध्याकाळची हकिगत मीच सांगितली, कारण त्यांनी ती सांगितली नव्हती. ती पोळी लाटत होती. लाटणे थांबले. "तुले यांची लाज वाटली का वं?" मी परातीतले पीठ बोटाने सारखे करत राहिले. "मले त्या लग्नात वाटली होती," ती म्हणाली, "वरणावर लिंबू पिळत फिरत होते तवा. पण म्या कोणाले म्हटलं नाही का हा माणूस माह्या घरचा नाही म्हणून." मग तिने पोळी तव्यावर टाकली, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. संचालकबाईंना मी महिनाभराने फोनवर सगळे सांगितले, कृती कोणाची तेही सांगितले. त्यांनी इतकेच विचारले, "मग ते आपल्यासोबत का बसले नाहीत?"

मावसाजींची माफी मागायचा मी तीनदा प्रयत्न केला. दरवेळी त्यांनी मला कशाला ना कशाला तरी पिटाळले, एकदा मीठ आणायला, एकदा गच्चीवरचे पापड उलटायला, एकदा नुसतेच, "जाय, मावशी बोलावून राहिली." मावशी कोणालाच बोलावत नव्हती. त्यांच्या मनात राग असता तर मला तो मोजता आला असता, कमी होताना पाहता आला असता. राग नव्हताच.

गेल्या महिन्यात माझ्या विभागातले चार जण घरी जेवायला आले. मी मावसाजींना हाताला धरून बाहेर आणले आणि सोफ्यावर मध्यभागी बसवले. त्यांनी निवृत्तीच्या निरोपसमारंभात घातलेला सफारी घातला होता. गप्पा सुरू झाल्या. नव्याने रुजू झालेल्या मुलीने, काही ठाऊक नसल्याने, सहज त्यांना विचारले, "काका, तुम्ही मॅडमचे कोण?"

साधा प्रश्न होता. मावसाजींनी आधी माझ्याकडे पाहिले. तक्रारीने नव्हे, उपरोधाने तर मुळीच नव्हे. आज काय सांगायचे आहे, एवढेच विचारणारी ती नजर होती.

"हे माझे मावसाजी," मी म्हणाले. आवाज गरजेपेक्षा बराच मोठा निघाला, चौघेही दचकले. मावसाजी हसले. मग थोडे सरकून त्यांनी सोफ्यावर शेजारी हात थोपटला. "उभी काहून हाय वं? बस नं."