मागच्या गल्लीचं बिल

वीजबिल मोबाईलवर घेतलं तर दर बिलामागे दहा रुपये सूट मिळते, हे आमच्या घरात सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याला कळलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. दिवसभर सरकारला ऑनलाइन माहिती भरून देतात आणि मधे वेळ मिळाला तर पोरांना शिकवतात. मीही मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणते. सूट कळली त्याच संध्याकाळी त्यांनी आमचं कागदी बिल बंद केलं, आणि हात बसलाच आहे म्हणून काकूंचंही केलं.

काकू म्हणजे माझ्या चुलत सासू, सासूबाईंची धाकटी जाऊ. बदनापुरात आमचं घर एकच होतं. वाटणीत त्याचे दोन भाग झाले. मधे एका विटेची भिंत घातली. आमचं दार पुढच्या गल्लीला राहिलं, काकूंनी मागच्या गल्लीला दार काढलं. काकूंचे मालक वारले, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्या एकट्या राहतात. पत्ता मात्र अजून एकच आहे. त्यामुळे बिलं वाटणारा माणूस दोन्ही बिलं आमच्याच दारात टाकायचा. मागच्या गल्लीत जायला पिठाच्या गिरणीला वळसा घालावा लागतो, आणि तो त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

सासूबाई आणि काकू एकमेकींशी बोलत नाहीत. याला कारण माझं लग्न. लग्नात काकूंना मानाची साडी दिली, ती त्यांनी उलगडून बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं, की हीच साडी आपण एका बारशात आहेर म्हणून नेली होती. आहेराच्या साड्या फिरतात, हे काय कुणाला माहीत नाही? फक्त त्या फिरत फिरत मूळ मालकिणीकडे येऊ नयेत, एवढी काळजी घ्यायची असते. ती आमच्याकडून घेतली गेली नाही. काकू न जेवता उठल्या. सासूबाई म्हणाल्या, साडी काय खाणार होती का तिला? हे कुणीतरी काकूंपर्यंत इमानेइतबारे पोचवलं, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

पण काकूंचं बिल आलं की सासूबाई ते स्वतः द्यायला जायच्या. मी म्हणायचे, "आई, कामावरून येताना टाकून येते मी." मी जालन्याला एका दवाखान्यात केसपेपर काढते, संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना गिरणी वाटेवरच लागते. त्या म्हणायच्या, "तू तुझं काम कर." मग तोंड धुवायच्या, पातळ बदलायच्या आणि बिलाची घडी हातात धरून निघायच्या. एक बिल द्यायला एवढा वेळ का लागतो, हे मी कधी विचारलं नाही. सासू घराबाहेर असतानाचा वेळ शहाणी सून मोजत नाही.

एकदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून आधाराला मी सोबत गेले, आणि तेव्हा ते बोलणं ऐकलं. काकूंनी बिल हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं. सासूबाई पायरीवर टेकल्या.

"युनिट वाढलेत तुझे."

"वाढणारच. पोरगं आल्तं पुण्याहून, नातवाला घिऊन."

"मंग गिझर लावला असंल."

"दोन्ही टाइम. अन् त्या नातवाला अंधारात झोप येत न्हाई, बापावर गेलाय. रातभर लाइट."

"आमचे कमी आलेत."

"का बरं?"

"आठ दिवस भावाकडं गेल्ते, आष्टीला. त्याचं ऑपरेशन झालं."

"बराय का आता?"

"बराय. मिक्सर चालला न्हाई आमचा, म्हणून कमी."

असं बराच वेळ चाललं. दोघींचे दवाखाने, पाहुणे, उपास, नातवंडांचे दात, सगळं युनिटाच्या हिशेबात बसवून झालं. त्या हिशेबाबाहेर एक शब्द गेला नाही. परत येताना मी म्हटलं, "तुमचं तर बोलणं बंद आहे ना?"

"बिलाचं बोलणं हे काय बोलणं असतं का?" सासूबाई म्हणाल्या.

मला तेव्हा हसू आलं होतं. मास्तरांना सांगायला हवं होतं, पण आमच्या घरात मास्तरांना काही सांगायचं म्हणजे आधी त्यांचं ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे राहून गेलं.

तर मास्तरांनी दोन्ही बिलं मोबाईलवर घेतली. आमच्या बिलाला स्वतःचा नंबर दिला. काकूंकडे बटणांचा साधा फोन, त्यात मेसेज आला तरी त्या उघडत नाहीत. म्हणून त्यांच्या बिलाला माझा नंबर देऊन टाकला, मला न विचारता. पैसे काकूंचा मुलगा पुण्यातून भरतोच, म्हणजे कुणाला काही त्रास नाही, असं ते म्हणाले. शिवाय झाडंही वाचतात. आमच्या दारात एक लिंब आहे, तेवढ्यावर मास्तर झाडांबद्दल अधिकाराने बोलतात.

पुढच्या महिन्यात बिलवाला आमच्या दारावरून तसाच पुढे गेला. सासूबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी त्याला हाक मारून थांबवलं, त्याने पिशवी उघडून दाखवली. त्या आत आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "कागद पुन्हा चालू कर."

मास्तरांनी त्यांना दहा रुपये समजावून सांगितले.

"दहा रुपये मी देते तुला. तिचे दहा बी मीच देते. कागद आण."

मास्तरांना वाटलं, आईचा मोबाईलवर विश्वास नाही. त्यांनी तिला मेसेज उघडून दाखवला, त्यातले आकडे दाखवले, यात फसवणूक होत नाही हे पटवून दिलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, कागद आण. मास्तर म्हणाले, "बघतो." नवऱ्याच्या "बघतो"चा अर्थ लग्न झालेल्या बाईला सांगावा लागत नाही.

तेव्हापासून महिना भरत आला की सासूबाई मला विचारायच्या, "आलं का तिचं?" मी आकडा वाचून दाखवायचे. त्या कधी आपल्याशीच म्हणायच्या, "पोरगं आलेलं दिसत न्हाई दिवाळीला." अर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं, उरलेलं अर्धं करायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "नुसतं जाऊन या की."

"मोकळ्या हातानं? काय म्हणून जाऊ?"

मग मी जालन्याहून त्या बिलाची प्रिंट काढून आणली. सासूबाईंनी ती उलटून बघितली. मागची बाजू कोरी होती.

"हे झेरॉक्स हाय. ती साडी वळखते, कागद वळखणार न्हाई व्हय?"

ती प्रिंट आमच्या पिठाच्या डब्याखाली गेली. मला राग आला होता. एक म्हातारी पुढच्या गल्लीत, एक मागच्या, मधे एक वीट, आणि यांना भेटायला वीज कंपनीचा शिक्का पाहिजे. मी पुन्हा त्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझ्या फोनवर बिलाचा मेसेज आला. आमच्याकडे कूलर रात्रंदिवस चालू होता, मास्तरांनी आमचं बिल बघून दोनदा चष्मा पुसला होता. मी काकूंचा आकडा वाचला. हिवाळ्यातल्यापेक्षाही कमी होता.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचला आणि म्हटलं, "मीटर बिघडलं असेल."

"तिला माघातसुद्धा पंखा लागतो," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पातळ बदललं नाही, तोंड धुतलं नाही. "मोबाईल घे अन् चल."

ऊन असं होतं, की गिरणीपाशी कुत्रंसुद्धा नव्हतं. दुखऱ्या गुडघ्याची बाई माझ्यापुढे चालत होती. वळसा संपेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि मला भीती वाटायला लागली.

काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई सरळ आत शिरल्या. मी दारातच थांबले. आत टीव्ही बंद, पंखा बंद. काकू मधल्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या होत्या आणि पदरानं वारा घेत होत्या. ब्लाउज घामानं भिजलेला. तशा धडधाकट होत्या.

"बिल आलंय," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "कुठंय?"

"हिच्या मोबाईलात."

"मंग हिला धाडायचं. एवढ्या उन्हाचं तुम्ही कशाला आलात?"

"युनिट लई कमी आलेत."

"येऊ द्या. खर्चा वाचला."

"पंखा बिघडला का?"

"न्हाई. बराबर हाय."

"टीव्ही?"

"त्यो बी बराबर हाय."

"मंग लावीत का न्हाईस? उकडून मरायचंय का?"

हे काही बिलाचं बोलणं नव्हतं. ते दोघींच्याही लक्षात आलं असावं. काकू पदराशी चाळा करत राहिल्या.

"लई आवाज करतो पंखा," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही सुनेला बोलता ते भिंतीतून ऐकू येत न्हाई मंग, बाई."

लग्न झाल्यापासून मी सासूबाईंची बोलणी खाते आहे. मीठ, पोळ्या, उशिरा येणारी रेल्वे, माझं माहेर, कशावरूनही. त्याची भिंतीपलीकडे कुणाला सोबत होत असेल आणि त्यासाठी कुणी मे महिन्यात पंखा बंद करून बसत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला रडू आलं. थोडा रागही आला, कारण त्यांनी सगळंच ऐकलेलं होतं.

सासूबाईंनी भिंतीला हात टेकत जाऊन पंख्याचं बटण दाबलं. पंखा खडखडत फिरायला लागला. मग त्या काकूंच्या शेजारी खाली बसल्या, गुडघा सरळ केला आणि दाराकडे बघून मला म्हणाल्या, "तू काय तिथं खांबावानी उभी राह्यलीस? इतकी वर्षं झाली, अजून सांगावंच लागतं. चहा कोण टाकणार?"

पंख्याचा आवाज मोठा होता, पण काकूंना सगळं नीट ऐकू गेलं.