नकलेच्या पाठीवरच्या तारखा

आज ट्रंकेत अपिलाच्या निकालाची नक्कल सापडली. तिला अजून लोणच्याच्या तेलाचा वास येतो.

चुलत्याविरुद्धचं अपील आम्ही जिंकलो होतो; पण ही नक्कल तलाठ्याला दिल्याशिवाय धुऱ्याकडचा, बांधालगतचा पट्टा बाबांच्या नावावर चढणार नव्हता. म्हणून दर सोमवारी बाबा आणि मी जानेफळहून एसटीने कोर्टात जायचो. नकलेच्या खिडकीमागचा तो जाड्या कारकून जेवणाच्या डब्यातलं लोणचं खाऊन बोटं चाटत, मान वर न करता म्हणायचा, "काऊन घाई करता? तयार झाली का भेटन."

तीन महिन्यांनी त्याने डब्याखालूनच ती काढून दिली. "लय उपकार झाले साहेब," म्हणत बाबांनी हात जोडले. तोवर त्या पट्ट्यात चुलत्याचं सोयाबीन कमरेला लागलं होतं. बाबांच्या जोडलेल्या हातांची मला किळस आली. मी शिक्का तेवढा पाहिला आणि नक्कल पिशवीत कोंबली.

आज पाठ वाचली. 'नक्कल तयार' यापुढे त्याच्याच अक्षरात तारीख आहे, आमच्या अर्जानंतर आठव्या दिवसाची. त्या हरामखोराने आपली लबाडी शाईने लिहून आमच्याच हातात दिली होती. ही माणसं शिक्क्यापलीकडे काही वाचत नाहीत, याची त्याला खात्री होती.

बाबांना वाचता येत नव्हतं. मी बी.ए. होतो.