आप्पांची दुनळी

पिरनवाडीत आमच्या शेजारी राहणारे आप्पा आपल्या दुनळी बंदुकीला ‘आजोबा’ म्हणत. रविवारी सकाळी ती अंगणातल्या खाटेवर ठेवत आणि मला हाक मारत, “ये रं, आजोबा उन्हाला आल्यात!” खानापूरकडच्या त्यांच्या खऱ्या आजोबांनी ती विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली. शेतात डुकरं घुसली की तिचा एक बार पुरायचा. पुढे शेत सुटलं, आप्पा माझ्याबरोबर उद्यमबागेत फौंड्रीत लागले आणि बंदूक देव्हाऱ्याशेजारी गेली.

दर खंडेनवमीला संध्याकाळी आप्पा तिला पंचामृताने न्हाऊ घालत. दोन्ही नळ्यांच्या तोंडातून दूध-दही ओतायचं, वर तांब्याभर पाणी. वाटी धरायचा मान माझा. बाहेरून ती लख्ख पुसत, आत मात्र फडकं घालू देत नसत. “त्यो गाभारा हाय. गाभाऱ्यात कुणी गज खुपसतंय व्हय?”

गेल्या साली त्यांचे डोळे अधू झाले आणि परवाना पुन्हा मिळेना. पुण्याच्या मुलाने “मला नको ती कटकट” म्हणून फोन ठेवून दिला. गिऱ्हाईक मिळालं नाही तर बंदूक ठाण्यात जमा करायची, मग तिचं भंगारच. आप्पांचं जेवणावरून मन उडालं. “पैका नगं रं मला. वाजवणारा हात घावू दे.”

शेवटी निपाणीकडचा एक परवानेवाला शेतकरी आला. लाकडावरचं कोरीव काम बघून तो लई हरखला. मग त्याने बंदूक उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या.

“आप्पा, आतनं पार गंजून खड्डं पडल्यात. बार टाकला तर फुटून माझाच हात जाईल. काय वतलासा ह्यात?”

तो गेल्यावर नळीवरून बोटं फिरवत आप्पा मला म्हणाले, “तू फिटर. लोखंडात जल्म गेला तुजा. तुला म्हाईत न्हवतं व्हय रं?”

“न्हाय, आप्पा.”

आम्ही दोघांनी जाऊन ती ठाण्यात जमा केली. आप्पांनी तिच्या पाया पडून घेतलं. त्यानंतर ते अंगणात बसलेच नाहीत, आणि दसऱ्याआधीच गेले.

मी खोटं बोललो होतो. खंडेनवमीला सकाळी फौंड्रीत मशिनींची पूजा चालायची, तेव्हा मीच सगळ्यांवर ओरडायचो, “पाणी लावू नका रं, गंज धरंल!” आणि संध्याकाळी आप्पांच्या दारात वाटी धरून उभा राहायचो. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, आणि दरवर्षी उरलेलं पंचामृत पिऊन घरी आलो.