फणसांब्याची बाटली

मी तापट. हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. पण माझ्या तापटपणापायी नवऱ्याच्या जिवावर बेतलं होतं, हे फार जणांना ठाऊक नाही.

तेव्हा आम्ही खालापूरला राहायचो. हे साजगावला कारखान्यात जायचे. लघवीतून रक्त दिसायला लागलं म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तर लघवीच्या पिशवीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी गाठ खरवडून काढली. ती पुन्हा उठू नये म्हणून सहा आठवडे, दर मंगळवारी, पिशवीत लस सोडायची ठरली. आणि लस कुठली? लहान पोरांच्या दंडावर टोचतात ती, क्षयाची! ती नळीनं आत सोडली की अंगातली ताकद खवळते आणि रोगावर धावून जाते, असं डॉक्टर म्हणाले. अट एकच. लस आत गेली की दोन तास लघवी धरायची. त्यासाठी सकाळपासून पाणी बंद.

हे ऐकून मी गप्प बसते होय? दहिवलीला माझ्या बहिणीच्या परसात जुना फणस होता. त्याच्या खोडाला फणसांबा यायचा, लाकडासारखी टणक अळंबी. पोरांचं तोंड आलं की आमच्याकडे तो सहाणेवर उगाळून लावतात. तोंडातली जखम भरते तर पिशवीतली का नाही भरणार? आणि दोन्ही औषधं आत एकदमच भेटली तर सोन्याहून पिवळं! मग दर मंगळवारी मी फणसांबा उगाळून बाटलीभर पाण्यात कालवायची आणि लशीच्या जरा आधी, इस्पितळाच्या जिन्याखाली, ह्यांना सगळी बाटली प्यायला लावायची. पाणी बंद होतं, मान्य. पण हे का पाणी होतं? औषधानं कुठं उपास मोडतो?

पहिल्या खेपेला ह्यांना तासभरही धरवलं नाही. दुसऱ्या खेपेला पाऊण तास. तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. खाटेवर कूस बदलत, ओठ चावत पडायचे आणि एकदम उठून पळायचे. बाहेर आल्यावर मी फाडफाड बोलायची. "पोरं शाळेत धरून बसतात, अन् तुम्हाला जमत नाही? आम्हाला कुणाच्या जिवावर टाकून जाणार आहात?" भीतीनं जीव अर्धा झाला होता माझा, पण तोंडातून राग तेवढा निघायचा. हे खाली मान घालून ऐकायचे.

चौथ्या मंगळवारी बाटली पाजून मी ह्यांना वर घेऊन गेले, तर डॉक्टरांनी आधी आम्हाला समोर बसवलं.

"औषध आत टिकतच नाही. असंच चाललं तर पिशवी काढून टाकावी लागेल. मग लघवीसाठी पोटावर थैली, जन्मभर." मग ह्यांना विचारलं, "सकाळी पाणी पिऊन येता का?"

"नाय."

"चहा?"

"नाय, सायेब. थेंबभर नाय."

हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ह्यांना सगळं कळत होतं, आणि मला बोल लागू नये म्हणून हे खोटं बोलत होते. सांगावं तर डॉक्टर हाकलून देतील, न सांगावं तर पोटावर सुरी. मी पदराआडची रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

"मी पाजते. दर वेळी. आत्तासुद्धा."

डॉक्टरांनी काय ते विचारून घेतलं. मग भडकलेच. "ह्या अळंबीचा गुण मला ठाऊक नाही, म्हणूनच ती लशीबरोबर नको. आणि बाई, एवढं पाणी पाजल्यावर कोण दोन तास धरेल?" मग ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत व्हतं."

"मग नको का म्हणाला नाहीत?"

"पिशवी गेली तर थैली तरी हाय, सायेब. हिला नको म्हणायची छाती होत नाय."

डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी लस दिली नाही. पुढच्या मंगळवारी हे कोरड्या घशानं आले. लस आत गेली, मी खाटेशेजारी बसले. पाऊण तास गेला. तास झाला. ह्यांच्या कपाळावर घाम, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय, तोंडात पदर कोंबलेला. दीड तासाला ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गप का? बोल गं कायतरी. रागव हवं तर. येळ जात नाय."

रागवायला म्हणून तोंडातला पदर काढला, तर रडूच फुटलं. उरलेला अर्धा तास मी हमसून हमसून रडत होते, आणि हे लघवी धरून माझी समजूत काढत होते.