पंख्याचं तोंड

१२ मार्च. पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासणं चालू होतं. शेवंताबाई खोकत म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून मी नाय येत गो." त्यांच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही.

तेवढ्यात डोलवीकडच्या कुठल्याशा कंपनीतला एक माणूस मूर्ती बघायला आला. मूर्ती राहिली बाजूला, त्याने खिशातून टॉर्च काढून शेवंताबाईंच्या नाकासमोर आडवा झोत धरला. झोतात नुसती धूळ उसळत होती.

"ताई, तुमचा पंखा सगळी धूळ मावशींच्या तोंडावर मारतोय. कंपनीत माझं कामच हे, धूळ पकडायचं."

"पंखा काढला तर बाया उकडून निघतील," मी म्हटलं.

"काढू नका, त्याचं तोंड बाहेर फिरवा. धूळ ढकलायची नाय, ओढायची."

दाराबाहेर जाऊन त्याने सवयीने शर्ट झटकला आणि हसत निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. इतकी वर्षं त्या पंख्याची पाती मीच पुसत होते, पण हे सुचलं नव्हतं.

१३ मार्च. सकाळी पंखा खिडकीत उलटा बसवला आणि बाहेर ओलं गोणपाट टांगलं. तासाभरात ते पांढरंफटक झालं. शेवंताबाईंनी बोटाने खरवडून पाहिलं.

"एवढं माझ्या छातीत जात व्हतं व्हय!" म्हणाल्या, आणि पुढची मूर्ती मांडीवर ओढली.