मावशीने नापास केलेली टाकी

मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुधात नाक खुपसलं आणि त्याचा पगार घेतला. डेअरीच्या धक्क्यावर कॅन यायचे, झाकण उघडलं की ती वाकायची, एकदाच हुंगायची आणि म्हणायची, "पास." नाहीतर, "नापास." तिसरा शब्द नाही. गाडीवाले गयावया करायचे, "अहो बाई, सकाळचंच आहे हो, ताजं ताजं," तर ती नुसतं झाकण त्यांच्या नाकाशी धरायची. निवृत्त झाल्यापासून मात्र कुणी तिला काही हुंगायला दिलं नव्हतं.

ते काम तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी केलं. लाँड्रीची जुनी व्हॅन घेऊन त्यांनी तिची कॅम्पर, म्हणजे राहायची-फिरायची गाडी, करायला काढली होती. मागे पलंग, पलंगाखाली बॅटरी, खिडकीशी इवलंसं सिंक आणि त्याखाली पाण्याची टाकी. "वीज आपली, पाणी आपलं. हॉटेलवाल्याचं तोंड बघायला नको. विषय संपला," असं ते येता-जाता म्हणत.

पहिल्या चाचणीला काकांनी घरातून वायर ओढली, बॅटरी चार्जिंगला लावली, नळ सोडला आणि उद्घाटनाच्या पाहुण्यासारखे हात मागे बांधून बाजूला झाले. मावशी आत वाकली आणि बाहीत नाक खुपसून मागच्या मागे उतरली.

"शी. सडकी अंडी."

"अगं, टाकी कोरी करकरीत आहे."

"मग कोरी करकरीत सडलीय. नापास."

काकांनी टाकी सोड्याने धुतली. चार्जिंग, नळ, मावशी. नापास. मग ब्लीच घालून खळखळून काढली.

"आता सडक्या अंड्यांना आंघोळ घातलीय कुणीतरी," मावशी म्हणाली.

पाईप बदलले, तरी तेच. व्हॅन नुसती दिसली तरी ती नाक दाबायला लागली. सिंकवरचा फडका तिने चिमट्यात धरून कचऱ्यात टाकला. काका तर त्या टाकीतलं पाणी मुद्दाम तिच्यासमोर घटाघटा पीत आणि वर "आहाहा" करत. त्यांचा पेला ती वेगळा घासायला लागली.

शेवटी काकांचा संयम सुटला. "पाण्याला काही झालेलं नाही. तुझं नाकच रिटायर झालंय. येतेस तर ये, नाहीतर मी एकटा निघतो. विषय संपला."

हे लागलं. सहलीचं तिला एवढं काही नव्हतं, पण नाक गेलं तर आपल्याजवळ उरलं काय? तिने नळाखाली पेला भरला आणि तडक गल्लीच्या टोकाला गेली. धक्क्यावरचा तिचाच नियम होता: शंका आली की नमुना मोकळ्या हवेत न्यायचा आणि मगच हुंगायचा. इतके दिवस किळसेच्या भरात तो ती साफ विसरली होती.

तिने हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं, तेव्हा पेल्याच्या काठाला भांड्यांच्या साबणाचा वास आला. म्हणजे नाक जाग्यावर होतं. पाणीच बिचारं निर्दोष होतं.

परत येऊन ती व्हॅनमध्ये ओणवी झाली. सिंक, पडदा, पलंग. पलंगाशी तिला उमासाच आला.

"आधी ती वायर काढा."

वायर तिनेच उपटली आणि दारं सताड उघडली. बऱ्याच वेळाने गादी उचलली. खाली बॅटरी पोट सुटल्यासारखी फुगलेली, झाकणांशी ओशट पाझर, त्यावर हिरवट पूड.

"ही कुठून उचलून आणलीत?"

"गॅरेजवाल्याने दिली. वापरलेली आहे, पण दणकट. चार्ज होते की."

"चार्ज कसली होते, उकळतेय ती. सडक्या अंड्यांचा वास हिच्याच वाफेचा. आणि हिच्यावर डोकं ठेवून झोपणार होतो आपण. शी, शी."

"पण वास कुठाय?" काकांनी दारातूनच दीर्घ श्वास घेतला. "मला तर काहीच येत नाही."

मावशीने ब्लीचची बाटली आणली, झाकण उघडलं आणि ते काकांच्या नाकाशी धरलं. "डोळे मिटा. हे काय आहे?"

काकांनी विचार केला. "पाणी?"

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या तापानंतर. म्हटलं, येईल हळूहळू."

"मग रोज ताटावर बसताना 'काय वास सुटलाय' म्हणता, ते?"

"कढई वाजते ना," काका पुटपुटले. "त्यावरून अंदाजाने."

मावशीला बॅटरीची आली नव्हती एवढी किळस आली. दोनदा करपलेलं, एकदा चक्क आंबलेलं, सगळं या माणसाने त्याच तोंडाने गोड करून खाल्लं होतं. आणि ती वर्षभर खूश होत होती.

"नापास," ती म्हणाली. कुणाला, ते सांगितलं नाही.

काकांनी पाना घेतला. "नवी बॅटरी आणतो. आणि टाकी?"

"टाकी पास." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आणि मी येणार आहे. तुम्ही एकटे गेलात तर कुठेतरी सडून जाल आणि तुमचं तुम्हालाच कळणार नाही."