पोटावरची पिशवी

माझ्या पोटाला पिशवी लावली आहे हे बावड्याला माझ्या आधी कळलं होतं.

डॉक्टरांनी ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं फोनवर थोरल्या बहिणीला सांगितलं. तिला बावड्याला दिलेली, त्यामुळं संध्याकाळपर्यंत तिच्या सगळ्या भावकीत झालं. मी तोवर बारामतीच्या दवाखान्यात नुकती शुद्धीवर येत होते. घसा कोरडा, नाकात नळी, पोटावर पट्ट्या. उजव्या बाजूला काहीतरी गरम लागत होतं. हात नेला तर प्लास्टिक. मी नवऱ्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "काय न्हाय, पडून ऱ्हा." तेवीस वर्षांचा संसार, आणि माझ्याच पोटाबद्दल विचारलं तर उत्तर काय, तर काय न्हाय.

झालं होतं असं. मला पंधरा दिवस ताप येत होता. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सलाईन लावून घरी पाठवलं. आमची वस्ती भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या कडेला. थोडा ऊस आणि दीड एकर भेंडी. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते आणि बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणून ताप अंगात घेऊन मी तोडत राहिले. एका सकाळी सरीतच पोटात असं काही झालं की मी तिथंच बसले. पोट फळीसारखं कडक झालं. बारामतीला नेलं तेव्हा कळलं, टायफॉईड होता आणि त्यानं आतड्याला भोक पडलं होतं. दुपारीच पोट उघडलं. खराब झालेलं आतडं काढलं, आणि जोड भरून येईपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली. तीन-चार महिन्यांनी ते परत आत घालायचं होतं.

हे सगळं मला नीट सांगितलं ते तिथल्या एका नर्सनं. चौथ्या दिवशी तिनं पडदा ओढला आणि पिशवी काढून मला दाखवलं. लालबुंद, ओलं, लहान वांग्याएवढं. मी डोळे मिटले. ती म्हणाली, "ताई, हे तुमचंच आतडं आहे. रोज आतून एवढं काम करत होतं, आता बाहेरून करतंय. त्याची कसली लाज?" मग तिनं पिशवी रिकामी कशी करायची, कातडी कशी पुसून कोरडी करायची, कातडीला चिकटवायच्या चकतीला भोक मापानं कसं कापायचं, ते शिकवलं. नवऱ्यालाही उभं केलं. तो पंख्याकडं बघत राहिला. नर्सनं त्याला दोनदा टोकलं, तरी त्याची नजर काही खाली आली नाही.

बाराव्या दिवशी मला घरी आणलं. लेकीला आठवा महिना, ती येऊ शकत नव्हती, म्हणून नणंद बावड्याहून महिनाभरासाठी आली. ती आली म्हणून मला आधी हायसं वाटलं होतं, हे कबूल करते. कामाला ती वाघीण आहे. चार माणसांचं काम एकटी ओढते. पण गाडीतून उतरून मी घराच्या उंबऱ्याकडं वळले, तर तिनं माझा दंड धरून मला पुढच्या खोलीकडं वळवलं. त्या खोलीत आम्ही ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती ठेवतो. पोती एका भिंतीला सारून तिथं माझी खाट टाकली होती.

"हितं हवा लागती," नणंद म्हणाली.

हवा लागत होती, युरियाच्या वासासकट.

त्या खोलीत मी उठणं-बसणं नव्यानं शिकले. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताच्या कोपरावर भार देऊन हळूहळू वर यायचं. खोकला आला की उशी पोटाला घट्ट धरायची. शिंकेची तर मला भीतीच बसली होती. पिशवी दिवसातून सहा-सात वेळा रिकामी करावी लागायची. पातळ असायचं सगळं, म्हणून अंगातलं पाणी जायचं. मीठ-साखरेचं पाणी पिऊन पिऊन तोंडाची चव गेली. कातडीला जिथं ते लागायचं तिथं तिखट चोळल्यासारखी आग व्हायची. हे मी सोसलं. हे आजारपण होतं आणि आजारपणावर रागावून काय करणार? मला राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा.

माझं ताट वेगळं झालं. तांब्या वेगळा झाला. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवघरात तर नाहीच. तसं मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. मी आत पाऊल टाकलं की नणंद काहीतरी हातात घेऊन वाटेत उभी राहायची आणि म्हणायची, तुला काय पायजे ते सांग, मी देते. एकदा मी देवापुढं दिवा लावायला म्हणून गेले, तेव्हा मात्र ती बोलली. म्हणाली, अंगावर घाण घेऊन देवाम्होरं कशाला जातीस, देव काय पळून चाललाय व्हय.

भेटायला येणाऱ्या बायका दारातच बसायच्या. पिशवीचा वास येत नाही, नीट लावली तर अजिबात येत नाही. तरी पदर नाकाला. एकीनं मला विचारलं की नवरा त्या खोलीत येतो का. एकीनं तिच्या चुलत दिराची गोष्ट सांगितली, त्यालाही अशीच पिशवी होती, तो कसा गेला ते तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं आणि जाताना मला म्हणाली, तू काळजी करू नको.

आता मी आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. सहा वर्षांमागं त्यांची लघवी तुंबली, ऑपरेशन झालं आणि दीड महिना त्यांना नळी आणि लघवीची पिशवी होती. ते कुठं झोपायचे? मधल्या खोलीत, पंख्याखाली. कुठं जेवायचे? पंगतीत, पहिल्या पाटावर, पिशवी बाजूला खिळ्याला अडकवून. सकाळी अंघोळ करून पूजाही तेच करायचे. ती पिशवी रोज कोण रिकामी करायचं? मी. आणि मी हात धुऊन भाकरी थापायला बसले की कुणाच्या घशात घास अडकल्याचं मला आठवत नाही. नणंद तेव्हाही भेटायला आली होती, आठ दिवस राहिली होती. बापाच्या पिशवीला तिनं कधी घाण म्हटलं नाही.

खाटेवर पडून मी हेच घोळवत असायचे. आबा ओसरीवर बसलेले असायचे, माझ्या दारापासून चार हातांवर. माझं वेगळं ताट त्यांच्या समोरून जायचं. ते बघायचे आणि तंबाखू मळायचे.

तिसरा आठवडा लागला आणि भेंडीचा माल वाढला. तोडायला बायका लावल्या होत्या, पण निवडायला हात कमी पडत होते. एक दिवस नणंदेनं दोन क्रेट माझ्या खोलीत आणून ओतले. म्हणाली, "बसूनच तर हायस. निवड तेवढी."

मी निवडली. कोवळी एकीकडं, जून एकीकडं, वाकडी तिसरीकडं. हाताला काम मिळालं म्हणून पहिल्या दिवशी बरंही वाटलं. चौथ्या दिवशी मात्र निवडता निवडता माझ्या डोक्यात लख्ख आलं, आणि हातातली भेंडी तशीच राहिली. माझ्या हातची भेंडी पुण्याच्या बाजाराला चालत होती. तिथल्या शेकडो घरांत ती शिजत होती. आणि माझ्या घरात माझ्या हातचा चहा चालत नव्हता. मी ते नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, आक्का चार दिवसांची पाव्हणी हाय, कशाला वाद. मी म्हटलं, वाद नाही, मी विचारतेय. तो पाण्याची मोटार चालू करायला निघून गेला.

मग ते क्रेटचं झालं. माल न्यायला पिकअप यायचा दुपारी चारला. त्या दिवशी तो लवकर आला. नवरा उसाला पाणी द्यायला गेलेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नणंदेनं भरलेल्या क्रेटची एक कड धरली आणि मला म्हणाली, "दुसरी कड धर, दाराबाहेर तर न्यायचंय."

डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. मागच्या तपासणीला तिच्यासमोरच सांगितलं होतं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, अगं मी हाय की निम्म्याला. आणि मी धरली. आज इतके महिने झाले, मला त्या बाईइतकाच स्वतःचा राग येतो की मी धरली. दाराच्या चौकटीत पोटात कळ आली, काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि पिशवीची चकती सुटली. मी भिंतीला धरून बसले. लुगड्यावरून सगळं खाली. ड्रायव्हर बघत होता. नणंद "अगं बाई" म्हणून मागं सरकली, आणि सरकलेली तिथंच उभी राहिली.

उठवून मला मोरीपर्यंत कुणी नेलं नाही. मी माझी गेले, भिंतीच्या आधारानं. धुतलं, पुसलं, नर्सनं शिकवलं तसं मापानं कापलं, नवी लावली. दोनदा चुकली.

दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो, नवरा, नणंद आणि मी. टाक्याशेजारी फुगवटा आला होता. डॉक्टर माझ्यावरच चिडले. म्हणाले, सांगून ऐकत नाही तुम्ही बायका, घरी गेलं की कामाला जुंपून घेता. नणंद मागून म्हणाली, "आमी तरी किती सांगायचं, ऐकतच न्हाय ती."

मला आजवर मोठ्या माणसांसमोर, परक्यांसमोर बोलता यायचं नाही. त्या दिवशी आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी जुंपून घेतलं नाही, मला जुंपलं. क्रेटची दुसरी कड हिनं धरली होती, हिलाच विचारा. मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, पण क्रेट उचलायला लावतात. मला आराम सांगितलाय का वाळीत टाकायला सांगितलंय, तेवढं यांच्यासमोर एकदा सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग ते नवऱ्याकडं वळले आणि एक एक गोष्ट सांगितली. हिनं स्वयंपाक केला तर चालतो, सगळ्यांनी खाल्ला तर चालतो, टायफॉईड औषधानं गेलाय, आता जेवणातून कुणाला लागणार नाही, हात धुवायचे ते सगळ्यांनीच धुवायचे. वजन उचलायचं नाही. फुगवट्याला पट्टा दिला आणि दैव चांगलं म्हणून लगेच कापावं लागलं नाही. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

घरी आल्यावर मी सरळ आत गेले. अंघोळ केलेली होती, हात धुतले, परातीत पीठ घेतलं. उभ्यानं, ओट्याला टेकून थापल्या. पाचव्या भाकरीला दम लागला, स्टुलावर बसले, पुन्हा उठले. नणंद दारात उभी होती. ती म्हणाली, मला आज उपास हाय. वार कोणता होता ते मला चांगलं ठाऊक होतं. मी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आबा ओसरीवरून आत आले आणि त्यांच्या पाटावर बसले. "मला वाढ, सूनबाई," म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या. मग खाली बघत म्हणाले, "माझी पिशवी तू काढलीस. मी हे आदीच बोलाया पायजे व्हतं."

व्हतंच की. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, त्या वेळी मला भरून वगैरे आलं नाही. मला एवढंच वाटलं की म्हाताऱ्याला महिनाभर हे ठाऊक होतं, ताट समोरून जाताना ठाऊक होतं, आणि एका शब्दानं जे थांबलं असतं त्यासाठी मला आधी क्रेट उचलून पोट फुगवून घ्यावं लागलं. तरी तिसरी भाकरी त्यांना मी वाढली. ती त्यांनी मोडून खाल्ली.

त्या रविवारी नणंद बावड्याला गेली. खाट मधल्या खोलीत आली. नवरा चकती कापायला शिकला. पहिल्यांदा कापताना तो मध्येच उठून बाहेर गेला, पण परत आला. नंतर माझ्यापेक्षा त्याचीच गोल छान यायला लागली. त्याला ते माहीत आहे आणि तो ते सांगतोसुद्धा. मी त्याला अजून म्हणते, पंख्यावर काय लिहिलं होतं ते एकदा सांग. तो हसतो. मी सगळं हसण्यावारी नेलेलं नाही, हेही त्याला कळतं.

चौथ्या महिन्यात आतडं आत घातलं. पिशवी गेली. पोटावर आता उभा एक व्रण आणि उजवीकडं एक आडवा. घरी आले तेव्हा त्याच बायका आल्या, या वेळी आत येऊन सतरंजीवर बसल्या, चहा प्यायल्या. नणंद साडी-चोळी आणि नारळ घेऊन आली. माझी ओटी भरली, गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "आता कसं, माणसात आलीस."

मी म्हटलं, "वन्सं, मी माणसातच हुते."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. बाकीच्या बायकाही हसल्या. मी हसले नाही, पण ओटी घेतली, कारण ओटी कुणी परत करत नाही. साडी चांगली आहे, मोरपंखी, काठ रुंद. कपाटात वरच्या खणात आहे. नवरा दोनदा म्हणाला, नेस की एकदा, आक्का विचारती. मी त्याला सांगितलंय, राग गेला की नेसेन.